अपडेटनंतर ऑफिसच्या लॅपटॉपचं वायफाय गायब झालंय. टिळक रोडवरचा दुरुस्तीवाला म्हणतो मदरबोर्ड बदला. खरंच गरज आहे का?

इतक्यात हो म्हणू नका. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपच्या भागांची यादी) नेटवर्क अडॅप्टर्स बघा. वायफाय कार्डावर पिवळी खूण असेल तर प्रॉपर्टीजमध्ये कोड दिसेल: १० म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाही, ४३ म्हणजे त्याने बिघाड कळवलाय. अपडेटनंतरच सुरू झालंय, तेव्हा आधी तिथेच 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा, म्हणजे ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) जुनी आवृत्ती परत येते. ते बटण फिकं असेल तर मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगवर (केबलने मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला देऊन) लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. फुकटच्या 'ड्रायव्हर अपडेटर'च्या नादी अजिबात लागू नका, कळकळीने सांगतोय.

कार्ड यादीतच नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा. पुष्कळदा एवढ्यानेच कार्ड परत दिसतं.

तरी नाही, तर पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) चालवून बघा, इन्स्टॉल न करता. मात्र लॅपटॉप ऑफिसचा आहे, म्हणून आधी आयटीची परवानगी आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की घ्या. बूट सेटिंग बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. उबुंटूत वायफाय चाललं तर हार्डवेअर ठणठणीत. तिथेही नसेल तर पहिला संशय कार्डावर. बऱ्याच बिझनेस मॉडेलांत ते वेगळ्या स्लॉटमध्ये बसवलेलं असतं आणि मदरबोर्डपेक्षा कितीतरी स्वस्तात बदलतं. दुकानदाराला आधी दुसरं कार्ड लावून दाखवायला सांगा.