दहा लाखांचा दावा आणि तीन अंगठे

"मॅडम, मला अब्रूनुकसानीचा दावा ठोकायचाय. दहा लाखांचा." ताई अजून खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पन्नाशीच्या आसपासच्या, सोसायटीच्या खजिनदार. शेजारच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी फेब्रुवारीत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला होता : "लिफ्टच्या पैशांतून कुणाच्या हातात बांगड्या आल्या, ते विचारा जरा खजिनदारबाईंना." ग्रुपवर ६४ माणसं. कुणी ब्र काढला नाही. तिघांनी मात्र अंगठा दिला. त्या गृहस्थांपेक्षा ताईंचा राग या तीन अंगठ्यांवर जास्त होता.

बोलताना त्या सारखं मनगट चोळत होत्या. बांगड्या काढून ठेवलेल्या, तिथे फिकट पट्टा. पर्समधून त्यांनी सराफाची पावती काढली, घडीवर फाटत आलेली, २०११ची. लिफ्टचा निधी जमला गेल्या वर्षी. भाजी आणायला जातानाही ही पावती बरोबर असायची.

"खोटा आळ घेतलाय, केस करू का?" हे मला वरचेवर विचारलं जातं. मी वकील नाही, समुपदेशक आहे. पण कायद्याचं चित्र समोर आल्याशिवाय मनातलं बोलणं पुढे सरकत नाही, म्हणून अशा वेळी मी ओळखीच्या वकीलबाईंना बोलावून घेते. ताई पोलीस चौकीत जाऊन आल्या होत्या. तिथे फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतली, त्यांना वाटलं टाळलं. पण बदनामी हा अदखलपात्रच गुन्हा आहे, पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत, फिर्याद आपणच दंडाधिकाऱ्यांपुढे न्यायची. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. भरपाई हवी तर दिवाणी दावा वेगळा. त्याची मुदत एकच वर्ष, आणि मागाल त्या रकमेच्या हिशेबानं कोर्ट फी. "मन थाऱ्यावर आलं की बघू" म्हणता म्हणता ते वर्ष सरलेली माणसं मी पाहिली आहेत.

दोन गोष्टी ऐकून ताई चपापल्या. हेच गृहस्थ शुद्ध हेतूनं सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे हिशेबाची तक्रार घेऊन गेले असते, तर कायद्यानं त्यांना संरक्षण होतं. चुकलं ते चव्हाट्यावर बोलण्यात. आणि दुसरं, वकीलबाईंनी विचारलं, "ऐकणाऱ्यांपैकी साक्षीला कोण येईल? मेसेज कोर्टात पुन्हा वाजेल. बांगड्या कुठून आल्या, हे समोरचा वकील तुम्हालाच विचारेल."

वकीलबाई गेल्यावर मी म्हटलं, "समजा, जिंकलात. दुसऱ्या दिवशी सकाळी काय वेगळं असेल?"

बराच वेळ गेला. "जिन्यात कुणी भेटलं तर मान खाली जाणार नाही."

मग कळलं, रोज रात्री दिवे मालवल्यावर त्या तो मेसेज कानाला लावून ऐकतात. मेसेज पुसायचा नाही, कारण पुरावा आहे. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबायचं नाही, मूळ फोन जपायचा. पण तो फोन रात्री लेकीच्या खोलीत ठेवायचा, एवढं ठरलं. तेवढ्यानं निम्मी झोप परत आली.

नोटीस गेली : पंधरा दिवसांत, त्याच ग्रुपवर माफी. उत्तर आलं, "गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहे." त्या 'असल्यास'चा मलाही राग आला, लपवत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तिथे ताईंनी लेखापरीक्षण झालेला लिफ्टचा हिशेब उभं राहून वाचला, बिल नंबरांसकट. वाचताना पहिल्या पानाला हात थरथरला, म्हणाल्या. एका अंगठेवाल्यानं रंगकामाचं विचारलं. ते गृहस्थ आलेच नाहीत. टाळ्याबिळ्या काही नाहीत, चहा झाला.

ऑक्टोबरात भेटल्या तेव्हा मनगट मोकळंच होतं. पावती आणली नव्हती, घरी कपाटात ठेवली म्हणाल्या. निघताना दारात थांबल्या.

"मॅडम, वर्ष संपायला अजून चार महिने आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं.