मऊ वागलं की माणसं डोक्यावर बसतात का?

"मॅडम, चांगलं वागलं की लोक डोक्यावर बसतात. मग वागायचं तरी कसं?"

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्या बँकेच्या शाखाधिकारी हे विचारतात, हायस्कूलचे मुख्याध्यापक विचारतात, पुण्याहून ऑनलाइन बोलणारी आयटीतली टीम लीड विचारते. कोल्हापुरात तर हा प्रश्न कारखान्यांतून फार येतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत कितीतरी फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणारे कारखाने, घरच्याच आहेत. वडिलांनी उभी केलेली, आता मुलगा बघतो. अशाच एका मुलाची ही गोष्ट, त्यांच्या परवानगीनं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कारखान्यात सगळे त्यांना धाकटे मालक म्हणतात, मीही तेच म्हणते.

ते आले होते झोपेसाठी. पहाटे तीनला जाग यायची, मग डोक्यात हिशेब सुरू. वडील जाऊन दोन वर्षं झालेली. दोन चांगले मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे कारागीर, शेजारच्या कारखान्यात निघून गेले होते, आणि घरी बायको म्हणाली होती, "तुमचा आवाज आता पोरांवरही चढायला लागलाय."

"मला ओरडायचं नसतं हो," ते म्हणाले. "पण आवाज चढवल्याशिवाय कोण हलत नाही बघा. आमचे वडील कधी ओरडले नाहीत. त्यांनी नुसतं बघितलं तरी काम व्हायचं."

"आणि तुम्ही नुसतं बघितलं तर?"

"तर लोक माझ्याकडं बघत बसतील."

ते हसले, मी हसले नाही. हे वाक्य मी मनात जपून ठेवलं.

पहिल्या काही भेटींत त्यांना माझ्याकडून युक्त्या हव्या होत्या. मीटिंग कशी घ्यायची, राग कसा आवरायचा, माणसं टिकवायची कशी. महाराष्ट्रात आमच्या क्षेत्रात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या, विचारातली चूक शोधून ती बदलायला लावणाऱ्या विवेकनिष्ठ पद्धतीचा मोठा प्रभाव आहे आणि तिचा उपयोग मी अनेकदा पाहिला आहे. माझी निष्ठा मात्र मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या मानवतावादी विचारावर आहे. समोरच्या माणसाला पूर्ण ऐकलं, न तोलता ऐकलं, तर आपल्या अडचणीच्या मुळाशी तो स्वतःच पोचतो, यावर माझा विश्वास आहे. म्हणून मी घाई केली नाही.

एके दिवशी ते चिडूनच आले. पंपाच्या केसिंगचा अख्खा लॉट गिऱ्हाइकानं परत पाठवला होता, ब्लोहोल निघाले म्हणून. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त झाला की ओतलेल्या लोखंडाच्या उष्णतेनं त्याची वाफ होते, ती कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, अडकते आणि आत पोकळी राहते. मोल्डिंग सेक्शनमध्ये उभे राहून ते सगळ्यांसमोर तोंडाला येईल ते बोलले होते.

"मला तो प्रसंग दिसू दे," मी म्हटलं. "कोण कुठं उभं होतं?"

त्यांनी सांगितलं. सांगता सांगता ते जुन्या मिस्त्रींपाशी आले, ज्यांना सगळे मामा म्हणतात. "मामांनी खाली वाकून मूठभर वाळू घेतली. मूठ दाबली, उघडली. त्या गोळ्यावर उठलेले बोटांचे ठसे बघितले. मग गोळा मोडला आणि टाकून दिला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही."

"त्यांनी तुमच्याकडं बघितलं नाही, हे लागलं तुम्हाला."

ते गप्प झाले. मीही. बराच वेळ गेला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वडील असते तर मामांनी ती मूठ त्यांच्यापुढं धरली असती."

मी काहीच बोलले नाही.

"मला वाळू कळत नाही, मॅडम. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. ड्रॉइंग दाखवा, कुठं काय चुकलंय ते सांगतो. पण वाळू हाताला कळत नाही. हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. आणि त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे."

डोळे पुसून ते म्हणाले, "म्हणून ओरडतो."

या कामात असे क्षण मोजके येतात, आणि ते आले की आपण निवडलेली वाट बरोबर आहे असं मनोमन वाटतं. पहिल्याच भेटीत मी त्यांच्या विचारातली चूक दाखवायला बसले असते, तर ती वाळूची मूठ बोलण्यात आलीच नसती.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मऊ की कडक, असा आपण वाद घालतो, आणि माझ्या अनुभवात खरी अडचण बहुतेक वेळा तिथं नसतेच. आत भीती आणि बाहेर दरारा, असं दुहेरी जगणं माणसाला थकवतं. हाताखालच्या लोकांना ते लगेच कळतं. रॉजर्स यांनी 1957 साली एका लेखात माणसात बदल घडायला लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यात समुपदेशकाकडून तीन गोष्टींची अपेक्षा होती: आतून-बाहेरून एक असणं, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या जागी जाऊन समजून घेणं. मालक, मॅनेजर, मुख्याध्यापक यांनाही या तिन्ही लागतात, असं मी मानते. पण सुरुवात पहिलीपासूनच करावी लागते. स्वतःशी खोटं वागणाऱ्याचं गोड बोलणं लोकांना आवडत नाही, त्याचा संशय येतो.

धाकट्या मालकांनी पुढं काय केलं ते त्यांचं त्यांनी ठरवलं. एका सकाळी ते मामांना म्हणाले, "मामा, मला वाळू कळत नाही. शिकवाल का?" मामांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "उद्यापासून हा पांढरा शर्ट घालून येऊ नका."

महिन्याभरानं ते जरा धास्तावूनच आले. एक कामगार पिऊन भट्टीवर आला होता. 1400 अंश सेल्सिअसच्या आसपासचा लोखंडाचा रस लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेऊन चालायचं काम ते. त्यांनी त्याला बाजूला घेतलं, आवाज न चढवता सांगितलं, "आज तुला भट्टीवर उभं करणार नाही, घरी जा, आजचा पगार मिळणार नाही. उद्या बोलू." मग मला विचारलं, "हे तुमच्या तत्त्वात बसतं का?"

पुरेपूर बसतं. विनाअट स्वीकार म्हणजे सगळं चालवून घेणं, हा गैरसमज मी आयुष्यभर खोडत आले आहे. स्वीकार माणसाचा असतो, त्याच्या प्रत्येक वागण्याचा नव्हे. त्या कामगाराची इज्जत राखून त्याला घरी पाठवणं हेच त्याच्या आणि इतरांच्या जिवाची काळजी घेणं होतं.

हा विचार भाबडा नाही. मानवतावादी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो 1962 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथं अँड्र्यू के यांच्या मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत जाऊन राहिले. के यांनी असेंब्ली लाइन मोडून छोटे गट केले होते, त्यांच्यावर विश्वास टाकला होता. मॅस्लो भारावले, तरी त्यांनी टिपणांत बजावलं की ही पद्धत बऱ्या परिस्थितीतल्या, बऱ्यापैकी निरोगी मनाच्या माणसांना लागू पडते, सरसकट सगळ्यांना नाही. म्हणून मी कुणाला "उद्यापासून सगळं लोकांवर सोडा" असं सांगत नाही.

सांगते ते एवढंच. रॉजर्स यांनी 1952 साली मॅनेजर लोकांसाठी एक नियम सुचवला होता: वाद पेटला की आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना त्याला पटेल अशी बोलून दाखवायची. तो "हो, हेच म्हणायचं होतं मला" म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. करून बघा, फार अवघड आहे. धाकट्या मालकांना पहिल्या आठवड्यात हे एकदाही जमलं नाही. समोरच्याचं म्हणणं सांगताना मध्येच "पण" यायचा. आता जमतं, रोज नाही.

गेलेले दोन मोल्डर परत आले नाहीत. पहाटेची जाग कमी झाली आहे.

शाखाधिकारी बाईंचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्या मालक नाहीत, टार्गेट वरून येतं, त्यांच्या हातात काही नसतं. त्यांनाही मी हेच म्हटलं, की ते आकडे सोपे असल्याचं सोंग स्टाफपुढं आणू नका. "हे मलाही जड वाटतंय, ते बदलणं माझ्या हातात नाही, पण कुणाला कुठं अडतंय ते मला सांगा, वर कळवायचं काम माझं," असं सांगता येतं. आणि एकदा सांगितलं की ते खरंच वर कळवावं लागतं.