सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चार सिंह हे राजसत्तेचं प्रतीक की बुद्धांचं?

दोन्हींचं. पण त्यात थोर कोण, हे घडवणाऱ्यांनी स्पष्ट दाखवलं होतं. तो भाग आज जागेवर नाही, म्हणून हा प्रश्न पडतो.

सिंह हे त्या स्तंभाचं टोक नव्हतंच. त्यांच्या माथ्यावर मोठं दगडी धर्मचक्र होतं. १९०४-०५ च्या उत्खननात स्तंभशीर्ष, म्हणजे स्तंभाच्या माथ्यावरचा कोरीव भाग, मिळालं, तसे या चक्राचे तुकडेही मिळाले. पाठीला पाठ लावून बसलेले ते सिंह चक्र पेलत होते. सम्राटाचं बळ खाली, धर्म वर. बुद्धांनी पहिला उपदेश केला तो सारनाथलाच, आणि त्यांना शाक्यसिंह म्हणत. त्यामुळे चारी दिशांना तोंड करून गर्जणारे सिंह म्हणजे तो उपदेश, हा अर्थही तितकाच खरा.

सिंहांच्या पायाखालची गोल पट्टी मात्र निवांत बघा. हत्ती, बैल, घोडा, सिंह आणि दोघांच्या मध्ये चोवीस आऱ्यांचं एकेक चक्र. वरचे सिंह ताठ, ठरीव साच्यातले. खालचा घोडा मात्र खरोखर दौडतोय. कुणी या प्राण्यांना चार दिशा मानतात, कुणी बुद्धचरित्रातले प्रसंग: हत्ती बुद्धांच्या आईच्या, मायादेवीच्या स्वप्नातला, घोडा गृहत्यागाचा. मला दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण जागाच बुद्धांची आहे. हे सगळं चुनारच्या वालुकाश्माच्या एकाच शिळेतून कोरलंय आणि वरची झिलई बावीसशे वर्षांनंतरही टिकून आहे.

२६ जानेवारी १९५० ला आपण हे शीर्ष राजमुद्रा म्हणून घेतलं, पण खालचं उलटं कमळ वगळून. माथ्यावरचं चक्र तर आधीच भंगलेलं. ‘सत्यमेव जयते’ही स्तंभावर नाही, ते मुंडकोपनिषदातलं.

स्तंभावर ब्राह्मी लिपीत आहे ती अशोकाची ताकीद: भिक्षुसंघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला किंवा भिक्षुणीला गृहस्थांची पांढरी वस्त्रं नेसवून विहाराबाहेर ठेवा. या आज्ञेची एक प्रत गृहस्थ उपासकांपाशीही ठेवायला त्यानं सांगितलंय. धर्म वर मानणारा हा राजा संघाच्या कारभारात हुकूम सोडतो, हे विसरून त्या सिंहांकडे बघता येत नाही. सारनाथला गेलात तर संग्रहालयात शीर्ष बघून तिथूनच परतू नका. लेख असलेला स्तंभाचा तुटका बुंधा बाहेर, उत्खननाच्या आवारात मूळ जागी उभा आहे.