गावात राहून समुद्रात डायव्हिंगला जायचं, तर प्रवासासाठी हलकं बीसीडी कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहणं लाखांदूर तालुक्यात, ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स झालेला, वर्षातून एकदोनदा अंदमान नाहीतर मालवण. नागपूरहून विमानात १५ किलो सामान, आणि सेंटरवर भाड्याने मिळणारं जॅकेट दर वेळी अंगावर ढगळ होतं. म्हणून स्वतःचं बीसीडी, म्हणजे पाण्यात तरंगणं कमीजास्त करायला हवा भरायचं-सोडायचं जॅकेट, घ्यायचंय, तर सगळ्यात हलकं कोणतं?

माझं म्हणणं, सगळ्यात हलकं शोधूच नका, सगळ्यात साधं शोधा. बीसीडी दुरुस्त करणारा माणूस तुमच्या आसपास सापडणार नाही. धानाच्या वावरासाठी फवारणी पंप घेताना आपण आधी विचारतो की याचं वॉशर तालुक्याला मिळतं का? इथंही तीच नजर ठेवा. ज्याचे भाग घरच्या ओट्यावर उघडून, धुऊन पुन्हा बसवता येतात, ते जॅकेट तुमचं. साध्या जॅकेटात भागच कमी असतात, त्यामुळे वजन आपोआप उतरतं.

त्याआधी एक गोष्ट. बहुतेक डाइव्ह सेंटरांवर डाइव्हच्या दरातच सगळं सामान येतं. वर्षाला सातआठ डाइव्ह होत असतील तर निव्वळ पैशाच्या हिशेबात स्वतःचं बीसीडी परवडत नाही. मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र) अजून स्वतःचे नसतील तर पहिला पैसा तिकडे लावा. ते झालं असेल आणि ढगळ जॅकेटाचा खरोखर त्रास होत असेल, तर घ्या. मापाचं जॅकेट अंगावर असलं की पाण्यात आडवं स्थिर राहणं सोपं जातं आणि हवाही कमी लागते.

आता वजन. नेहमीचं जॅकेट साडेतीन ते साडेचार किलोचं असतं, प्रवासाचं दोन ते तीन किलोचं. अ‍ॅक्वा लंग झुमा दोन किलोच्या आसपास आहे, क्रेसी ट्रॅव्हलाइट अडीच ते तीनच्या दरम्यान. म्हणजे १५ किलोतले वाचतात दीड-दोन किलो. ते कुठून वाचतात तेही बघा. पाठीची कडक प्लास्टिकची पाटी निघते, जाड फोम निघतो, स्टीलच्या कड्या जातात आणि काही मॉडेलांत पाण्याखाली जायला लागणारं शिसं ठेवायचे बकलवाले खिसेही जातात. या खिशांचा मोह सोडा. शिसं तुम्ही घरून नेणार नाहीच, ते सेंटरवर मिळतं आणि त्यासोबत कमरेचा पट्टाही मिळतो.

फोमकडे मात्र नीट लक्ष द्या. माहितीपत्रकातलं वजन कोरड्या जॅकेटाचं असतं. परतताना जाड फोमवालं जॅकेट पाणी धरून बसतं आणि काउंटरवरच्या काट्यावर एखादा किलो सहज वाढतो. लागोपाठ डाइव्ह केले असतील तर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यायचे असतात. तेवढ्यात पातळ, उघड्या बांधणीचं जॅकेट सावलीत वाळतं, फोमवालं बेटांवरच्या दमट हवेत वाळत नाही. दुकानात जॅकेटाची पाठ मुठीत दाबून पाहा. उशीसारखी दबली तर ती पाणी पिणार.

हलक्या जॅकेटाला लिफ्ट, म्हणजे वर उचलून धरायची ताकद, कमी असते. ती पुरेल का, अशी शंका बऱ्याच जणांना येते. हिशेब करून बघा. आपल्याकडे सर्रास मिळणारं अ‍ॅल्युमिनियमचं ११ लिटरचं सिलिंडर २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलं की त्यात सुमारे २,२०० लिटर हवा असते आणि तिचं वजन साधारण २.७ किलो. डाइव्ह संपताना ५० बार उरतात, म्हणजे दोन किलो हवा वापरली गेलेली असते. शिसं शेवटच्या ५० बारचा अंदाज धरून घेतलेलं असेल तर सुरुवातीला तुम्ही तेवढे दोन किलो जड असता. त्यात ३ मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे ऊब धरणारा रबरी पोशाख. तो पाण्याच्या वर दोनतीन किलो तरंगवतो, पण वीस मीटरवर दाबाने चेपून त्यातली निम्म्याहून अधिक ताकद जाते. दोन्ही मिळून चार किलोच्या आसपास. वर आल्यावर डोकं पाण्याबाहेर धरायला आणखी चारपाच किलो धरा. म्हणजे दहाबारा किलोची लिफ्ट उष्ण पाण्यासाठी पुरते. लेबलवर ती न्यूटनमध्ये लिहिलेली असते, १०० न्यूटन म्हणजे सुमारे १० किलो. पौंडांत असेल तर २२ पौंड. एकाच मॉडेलच्या लहान मापात लिफ्ट कमी असते, म्हणून आकडा तुमच्या मापाचाच विचारा.

ज्याला हे दहाबारा किलो पुरत नाहीत, त्याने बहुधा शिसंच जास्त घेतलेलं असतं. कोर्सचा तलाव गोड्या पाण्याचा, समुद्राचं पाणी त्याहून अडीच टक्के जड. माणूस आणि सामान मिळून ९५ किलो धरलं तर समुद्रात साधारण अडीच किलो शिसं वाढतं. त्याहून जास्त देत असतील तर विचारा का म्हणून.

आणि हे घरच्यांनाही सांगून ठेवा: बीसीडी हे लाइफ जॅकेट नव्हे. बेशुद्ध माणसाचं तोंड वर करून धरायची त्याची रचना नसते. गोसेखुर्दच्या पाण्यात डोंग्यातून फिरताना किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात पोरांना पोहायला शिकवताना ते कुणाच्या अंगात घालू नका. गावच्या विहिरीत त्याची चाचणी तर अजिबात नको. अरुंद जागा, गढूळ पाणी, मोटारीची केबल आणि दोर, यात अडकलं तर सुटायला वाव नसतो.

मऊ पाठीच्या हलक्या जॅकेटाचा खरा कच्चा दुवा म्हणजे सिलिंडर धरणारा पट्टा, कॅम बँड. कडक पाटी नसल्याने सिलिंडर पाठीवर डोलतं. म्हणून दोन पट्टे असलेलं घ्या. एकच असेल तर निदान सिलिंडरच्या मानेत अडकवायची वरची दोरी तरी हवी. दुसरी गोष्ट आपल्या अनुभवाच्या उलटी आहे. बैलाच्या कासऱ्याचा सुती दोर भिजला की आवळतो, नायलॉनचा पट्टा भिजला की सैल पडतो. कोरडा पट्टा बोटीवर कितीही घट्ट बांधा, पाण्यात दहा मिनिटांत सिलिंडर खाली घसरतं आणि रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं यंत्र, तोंडातून ओढलं जातं. म्हणून पट्टा आधी दोन मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, मग ओवा. बकल बंद करताना तळहाताचा जोर लागला पाहिजे. दोन बोटांनी बंद झालं तर ते सैल आहे. नंतर जॅकेटाची वरची मूठ धरून सगळं उचला आणि दोनदा झटका द्या. सिलिंडर बोटभर जरी सरकलं तरी सोडून परत बांधा.

इन्फ्लेटर, म्हणजे हवा भरायच्या-सोडायच्या बटणांचा दांडा, साधा घ्या. काही मॉडेलांत त्यातच श्वास घ्यायचं दुसरं तोंड बसवलेलं असतं. एक नळी वाचते खरी, पण त्याची जोडणी बऱ्याचदा नेहमीपेक्षा वेगळी असते आणि सेंटरच्या भाड्याच्या रेग्युलेटरची नळी त्याला बसत नाही. रेग्युलेटर तुमचं नसेल तर हा प्रकार टाळाच. साध्या इन्फ्लेटरची जोडणी ओल्या हातांनी, न बघता, एका झटक्यात सुटते का, हे दुकानातच करून बघा. कारण मिठाचा खडा बसून भरायचं बटण अडकलं की जॅकेट आपोआप फुगत राहतं आणि माणूस वर खेचला जातो. त्या वेळी एका हाताने हवा सोडायची दोरी ओढायची, दुसऱ्या हाताने नळीची जोडणी सोडवायची. म्हणून हवा सोडायचे व्हॉल्व्ह निदान दोन ठिकाणी हवेत, खांद्याशी आणि कमरेच्या मागे. मागची दोरी मान न वळवता हाताला लागली पाहिजे.

कापडाला डेनियरचा आकडा असतो, ९,००० मीटर सुताचं वजन ग्रॅममध्ये. २१० डेनियर फार पातळ. बोटीच्या कडेला, कालवं लागलेल्या खडकाला घासलं की फाटतं. ४२० ते ५०० च्या आसपासचं कापड प्रवासाला योग्य.

प्रकार कोणता, तर मी तुम्हाला विंग सुचवेन. अ‍ॅल्युमिनियमची पाठपट्टी, अंगावर बांधायचा एकाच अखंड पट्ट्याचा हार्नेस आणि मागे दहा ते तेरा किलो लिफ्टची हवेची पिशवी. वजन प्रवासी जॅकेटाएवढंच राहतं आणि प्रत्येक भाग सुटा असतो. पिशवी फाटली तर पिशवी बदला, पट्टा झिजला तर पट्टा. स्टीलची पाठपट्टी घेऊ नका, ती दोनअडीच किलोची असते आणि समुद्रात शिसं वाचवते ते विमानात भरून काढते. विंगची अडचण दोन प्रकारची. पाण्याच्या वर जास्त हवा भरली तर ती तोंडावर ढकलते, म्हणून वर आल्यावर गरजेपुरतीच भरा आणि किंचित मागे रेला. दुसरं, पट्ट्यांची मापं पहिल्यांदा कुणा जाणकाराने अंगावर लावून द्यावी लागतात. तसा माणूस मिळणार नसेल तर मागे हवा भरणारं, मऊ पाठीचं साधं प्रवासी जॅकेट घ्या.

माप शक्यतो दुकानात, वेटसूट घालून बघा. जॅकेट पूर्ण फुगवल्यावरही खोल श्वास घेता आला पाहिजे, बरगड्या आवळल्या नकोत. कुणाला तरी खांद्यांना धरून ते वर ओढायला सांगा. चार बोटांपेक्षा जास्त वर आलं तर मोठं आहे.

घरी आणल्यावर, आणि पुढे प्रत्येक प्रवासाच्या आठ दिवस आधी, एक चाचणी करा. तोंडाने कडक होईपर्यंत फुगवा आणि रात्रभर खोलीत ठेवा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने भरू नका. त्याच्या हवेत तेल असतं आणि दाब शिवण उसवतो. हिवाळ्यात एक लक्षात ठेवा. दुपारी २८ अंशांत भरलेली हवा पहाटे १० अंशांना सुमारे सहा टक्के आकसते, त्यामुळे जॅकेट थोडं मऊ लागणारच. दुपारी परत कडक झालं तर गळती नाही. नाही झालं तर पाण्याच्या टाक्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघा. बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या रबरी चकतीखाली वाळूचा कण सापडतो. व्हॉल्व्हचं झाकण हाताने फिरवून उघडा, चकती आणि तिची बैठक मऊ ब्रशने धुवा, स्प्रिंग होती तशीच सरळ बसवा. रबरी रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस लावा, खोबरेल तेल किंवा बेअरिंगचं ग्रीस नाही. बऱ्याच इन्फ्लेटरच्या आत मोटारसायकलच्या ट्यूबसारखीच व्हॉल्व्हची सुई असते. दिसायला सारखी असली तरी ट्यूबची सुई त्यात घालू नका, तिची स्प्रिंग वेगळी असते.

धुण्याचं पाणी हा आपल्याकडे वेगळा विषय आहे. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने समुद्राचं मीठ जातं आणि त्या जागी पांढरा थर बसतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं कुणी वाचत असेल तर त्यांना हे जास्तच लागू आहे. बाहेरून बोअरच्या पाण्याने धुतलं तरी चालेल, पण आतून शेवटचं पाणी आरओच्या जारचं घ्या. इन्फ्लेटरच्या तोंडातून हवा सोडायचं बटण दाबून दीडदोन लिटर पाणी आत सोडा, अर्धं फुगवा, सगळ्या बाजूंनी खळखळून हलवा, मग दांडा सगळ्यात खाली धरून पाणी काढा. तीनदा तरी करा. बादली फवारणीची नसावी. कितीही धुतली तरी औषधाचा अंश राहतो आणि त्याच पिशवीच्या नळीला तुम्ही तोंड लावणार आहात.

वाळवायचं कडुलिंबाच्या सावलीत, अर्धं फुगवून. ठेवायचं टिनाखाली नाही. मे महिन्यात ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाखालच्या खोलीत त्याहून जास्त तापतं, आणि आतला प्लास्टिकचा थर कापडापासून सुटू लागतो. स्लॅबच्या खोलीत, घडी न घालता, थोडी हवा ठेवून रुंद हँगरला टांगा. धानाची पोती ज्या खोलीत असतात तिथे तर नकोच. उंदराने पिशवीला एक छिद्र पाडलं की ते सायकलच्या पॅचने बुजत नाही, आणि तुम्हाला ते कळतं थेट बोटीवर.