परीक्षण लिहिण्याआधी सनावळी तपासा

हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या पुस्तकाचं परीक्षण सहाशे शब्दांचं असेल, तर गोषवारा दीडशेतच उरका. उरलेली जागा लेखकाचा दावा आणि त्याचे पुरावे यांना द्या. निजामकालीन कागदांत फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचा सन, असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. भलेभले इथंच घसरतात! सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय सैन्यानं हैदराबाद संस्थानात केलेल्या कारवाईला लेखक ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो की ‘मुक्ती’, हेही नोंदवा. त्या शब्दावरून त्याची बाजू कळते.

टीका आली तर आधी पान क्रमांक विचारा. तारीख चुकली असेल तर लगेच सुधारा आणि काय बदललं ते खाली लिहा. ‘तुमचे आजोबा कोणाकडून होते?’ असल्या प्रश्नांना उत्तर देत बसू नका.