कमांड नको, रिपोर्ट समजावून सांगा

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये २०१३ च्या २४.३ आवृत्तीपासून प्रोफायलर आहे. एडिटर अडखळतो तेव्हा वेळ आणि मेमरी नेमकी कुठे जाते, ते तो दाखवतो. त्यावर टिपणं लिहिणाऱ्या वाचकांचे हे काही प्रश्न.

टीममधल्या नव्या मुलांसाठी मी प्रोफायलरवर दोन पानी टिपण लिहिलं. सगळ्या कमांड दिल्या आहेत, तरी प्रत्येक जण रिपोर्ट उघडून माझ्याकडेच येतो. काय राहिलं असेल?

रिपोर्टच राहिला आहे. प्रोफायलर-स्टार्ट, प्रोफायलर-रिपोर्ट आणि प्रोफायलर-स्टॉप या तीन कमांड कुणालाही पाच मिनिटांत येतात. माणूस अडतो तो त्यानंतर, समोर अशा ओळी आल्यावर:

८,२४०  ७४%  + कमांड-एक्झिक्यूट
२,००५  १८%  + ऑटोमॅटिक जीसी
८९१  ८%  + टायमर-इव्हेंट-हँडलर

नवख्याला वाटतं, कमांड-एक्झिक्यूट हाच गुन्हेगार. पण तुम्ही दाबलेली प्रत्येक कमांड त्याच्यातूनच जाते, त्यामुळे तो वर असणारच. असा नमुना टिपणात घ्या आणि एकेक आकडा उलगडून सांगा. पहिला रकाना सॅम्पलचा. मूळ सेटिंगप्रमाणे प्रोफायलर दर १ मिलिसेकंदाला डोकावून कोणतं फंक्शन चालू आहे ते टिपतो, म्हणजे ८,२४० सॅम्पल म्हणजे सुमारे आठ सेकंद. टक्क्यांत त्या फंक्शनने पुढे बोलावलेल्या फंक्शनांचा वेळही धरलेला असतो. म्हणून ७४ च्या खाली ७३, त्याखाली ७० असं दिसलं तर बेरीज करायची नाही, खाली उतरत जायचं. आकडा जिथे एकदम अनेक ओळींत फुटतो किंवा घसरतो, तिथे थांबून बघायचं.

हे उतरणं कसं, तेही लिहा. अधिक चिन्हाच्या ओळीवर एंटर दाबलं की एक पायरी उघडते. कंट्रोल-यू देऊन एंटर दाबलं तर ती अख्खी फांदी एकदम उघडते. मला हे कळेपर्यंत मी एकेक ओळ उघडत बसायचे. तुमच्या मुलांचा तो वेळ वाचू द्या. आणि ऑटोमॅटिक जीसीचा, म्हणजे वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करण्याच्या कामाचा, आकडा मोठा दिसला, तर मेमरीचं प्रोफाइल काढायला सांगा. बहुतेक वेळा एखादं फंक्शन भसाभस मेमरी मागत असतं आणि साफसफाईचा वेळ या ओळीवर पडतो.

मेमरीच्या रिपोर्टमध्ये एका फंक्शनसमोर ९० कोटी बाइट दिसतात. सगळा एडिटर मिळून ३० कोटीही वापरत नाही. रिपोर्ट चुकतोय का?

रिपोर्ट बरोबर आहे. महिनाभरात घरात किती तांदूळ आला, ते हा आकडा सांगतो. आज डब्यात किती उरलाय, ते सांगत नाही. मागितलेली प्रत्येक बाइट मोजली जाते आणि नंतर मोकळी झालेली त्यातून वजा होत नाही. 'मेमरी' हा शब्द टिपणात जिथे पहिल्यांदा येईल तिथेच हे वाक्य टाका. दहा पानं पुढे दिलेला खुलासा कुणी वाचत नाही.

विम या दुसऱ्या टेक्स्ट एडिटरसाठीही हेच लागू पडतं का?

तत्त्व तेच, रिपोर्ट वेगळा. विमची प्रोफाइल फाइल शेवटी फंक्शनांच्या दोन याद्या देते, एक एकूण वेळाप्रमाणे (बोलावलेल्या फंक्शनांचा वेळ धरून) लावलेली आणि दुसरी स्वतःच्या वेळाप्रमाणे (तो सोडून). या दोन वेळांतला फरक सांगितला नाही, तर वाचणारा पहिल्या यादीवरच थांबतो.

इमॅक्सच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये दुरुस्ती सुचवायची आहे. माझ्यासारख्या नवख्याचं घेतील का?

नक्की पाठवा. प्रोफायलरचा भाग ईलिस्प या इमॅक्सच्या प्रोग्रामिंग भाषेच्या संदर्भ मॅन्युअलमध्ये, डीबगिंग (चुका शोधणं) या प्रकरणात आहे आणि मूळ मजकूर टेक्सइन्फो या मॅन्युअल लिहिण्याच्या फॉरमॅटमध्ये लिहिलेला असतो. रिपोर्ट-इमॅक्स-बग या कमांडने थेट एडिटरमधून लिहिता येतं. साधारण १५ ओळींपर्यंतचा छोटा बदल कागदपत्रांशिवाय घेतात. त्याहून मोठा असेल तर त्याचा कॉपीराइट इमॅक्समागच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या नावे करून द्यावा लागतो. पहिल्यांदा एकच परिच्छेद पाठवा, जिथे तुम्ही स्वतः अडलात तेवढाच. तुमची खासगी सेटिंग बाजूला ठेवून, कोऱ्या इमॅक्सवर प्रत्येक पायरी करून पाहिल्याशिवाय मात्र पाठवू नका.

मराठीत लिहिताना 'सॅम्पल'ला 'नमुना' म्हणू का?

नको. पडद्यावर जो शब्द दिसतो तोच ठेवा, नाहीतर वाचणारा 'नमुना' शोधत बसेल. मराठी क्रियापदांत येऊ द्या: प्रोफायलर डोकावतो, टिपतो, मोजतो. तुमचा मसुदा एखाद्या सहकाऱ्याला द्या, शेजारी बसा आणि तो रिपोर्टच्या कोणत्या ओळीवर थबकतो ते बघा. पुढचं वाक्य त्या ओळीवर लिहा.