डिस्लेक्सिया असलेली माझी १० वर्षांची मुलगी चूक झाली की 'मी ढ आहे' म्हणत वही फाडते. तिला खंबीर कसं करू?

आधी मीच एक विचारते: तिला डिस्लेक्सिया आहे हे तुम्ही तिला सांगितलंय का? तपासणीचा अहवाल कपाटात आणि मूल अंधारात, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय. आपल्याला वाचायला इतका त्रास का होतो हे कोणी सांगितलं नाही, की मूल आपलं आपण कारण शोधतं, आणि ते कारण बहुतेक वेळा 'मी ढ' हेच असतं. साध्या शब्दांत सांगा. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड घालायला तुझ्या मेंदूला जास्त वेळ आणि जास्त सराव लागतो, याचा हुशारीशी संबंध नाही.

अमेरिकेतल्या फ्रॉस्टिग सेंटरच्या संशोधकांनी अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) असलेल्या मुलांचा २० वर्षं मागोवा घेतला होता. पुढे कोण स्थिरावलं हे ठरवण्यात बुद्ध्यांकापेक्षा आणि शाळेतल्या गुणांपेक्षा काही सवयी जास्त महत्त्वाच्या ठरल्या. आपली अडचण नेमकी ओळखणं, स्वतः पुढाकार घेणं, झेपतील अशी उद्दिष्टं ठेवणं, ताण हाताळणं आणि गरज पडली की आधार घेणं, या त्यातल्या काही.

आधार घेणं शिकवावं लागतं बरं का. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांकडून मी एक वाक्य चक्क पाठ करून घेते: 'मला फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो, पुसायच्या आधी दोन मिनिटं थांबाल का?' घरी चार-पाच वेळा तालीम झाली की वर्गात तोंड उघडतं.

आता कौतुकाबद्दल. माझ्याकडचा एक ११ वर्षांचा मुलगा एकदा म्हणाला, "ताई, तुम्ही सगळ्यांनाच छान म्हणता." कानाखाली बसल्यासारखं वाटलं, पण खरंच होतं ते. तेव्हापासून मी जे दिसलं तेच सांगते: 'प्रत्यक्ष' शब्दाशी अडलास, तोडून वाचलास, पुढे गेलास. खोटं कौतुक या मुलांना लगेच कळतं, कारण इतरांशी स्वतःची तुलना ती दिवसभर करत असतात.

आणि तिला चित्रकला, पोहणं, जे काही जमत असेल ते अभ्यासासाठी बंद करू नका. मी यावर पालकांशी भांडते. दिवसातून एक जागा अशी हवीच जिथे ती शेवटून पहिली नसेल.

वही फाडली तर त्या क्षणी समजावू नका, तिचा राग आधी उतरू दे. संध्याकाळी तुकडे जुळवून 'इथपर्यंत जमलं होतं, कुठे बिनसलं?' एवढंच विचारा. माझ्याकडच्या मुलांच्या फाटक्या पानांवर बहुतेकदा एखादं जोडाक्षर सापडतं, तीन-चारदा खोडलेलं. दुसऱ्या दिवशी तेवढंच घेऊन बसा, १५ मिनिटं, जास्त नाही.